वीतभर उघडी खिडकी

माझ्या धाकट्या भावाने एक गोष्ट इतक्या वेळा सांगितली आहे की आता ती त्याला स्वतःलाही खरी वाटत असावी. गिरणी संपाविषयी बोलायला कोणी त्याला बोलावले, की तो घसा खाकरतो आणि सांगतो, "आमच्या घरात तेव्हा ओली बाळंतीण होती. माझी वहिनी. अन्नावाचून ती बेशुद्ध पडली." पुढच्या रांगेतल्या बायका डोळ्यांना पदर लावतात. असल्या सभेला मी दोनदा गेलो आणि दोन्ही वेळा मध्येच उठून बाहेर आलो. त्याची वहिनी म्हणजे माझी पत्नी. ती बेशुद्ध पडली हे खरे आहे. अन्नावाचून पडली हे साफ खोटे आहे. ज्या दिवशी ती पडली त्या दिवशी माझा भाऊ तळकोकणात आमच्या गावी होता, ही गोष्ट तो सभेत सांगत नाही.

घरात मी त्याला अनेकदा टोकले. तो हसून म्हणतो, "दादा, तपशिलाचं एवढं काय? संप खरा होता ना? हाल खरे होते ना?" तपशिलाचे काय, ते मला यंदाच्या पौषात कळले.

माझी मुलगी, म्हणजे त्या वेळचे ते तान्हे बाळ, आता चाळिशी ओलांडून गेली आहे आणि जावयांच्या बदलीमुळे उत्तरेकडच्या डोंगराळ गावात राहते. तिथे हिवाळ्यात बर्फ पडते आणि वीज जाते. एका दुपारी तिचा फोन आला. आवाज खुशीत होता.

"बाबा, आम्ही गॅसचा हीटर घेतला. चाकांवरचा आहे, कुठेही ढकलत न्यावा. मागे सिलिंडर, पुढे जाळी. जाळी लाल झाली की खोली अशी मस्त ऊबदार होते."

"खिडकी उघडी ठेवता ना?"

"बाहेर बर्फ आहे, बाबा. खिडकी कसली उघडी? फटीतसुद्धा कापड कोंबलंय मी."

"आणि झोपताना?"

"झोपताना बारीक करतो. थंडीनं डोकी मात्र धरतात सगळ्यांची. पोरगा तर शाळेत जाईपर्यंत कुरकुरतो. बाहेर पडला की बरा होतो."

हे वाक्य मी पूर्वी ऐकले होते, दुसऱ्या तोंडून आणि दुसऱ्या खोलीत. मी तिला म्हणालो, तो हीटर आधी विझव, खिडकी उघड, बाकीचे मग बोलू. ती हसली.

"तुमचं आणि खिडकीचं काय आहे हो? गॅस गळला तर वास येईलच की."

"गळलेल्या गॅसचा वास येतो. बंद खोलीत तो जळताना जो विषारी वायू होतो, त्याला वास नसतो. तुझ्या आईला त्यानंच पाडलं होतं."

"आई अशक्तपणानं पडली होती. संपात घरात खायला नव्हतं म्हणून. काका सांगतात ना." मग दाराशी कोणी आले म्हणून तिने, "बघते हं, बाबा," म्हणत फोन ठेवला.

'बघते' म्हणजे काय ते मला कळते. हा शब्द ती तिच्या आईकडून शिकली आहे. भावाने सभेत टाळ्यांसाठी सांगितलेली गोष्ट डोंगरात माझ्या नातवाच्या खोलीची खिडकी बंद करून बसली होती. मी काही क्षणांत पुन्हा फोन लावला आणि तिला बजावले, "हीटर आत्ता विझव, मग बसून ऐक. तुझ्या जन्माची गोष्ट आहे, आणि ती तुला आजवर चुकीची सांगितली गेली आहे." माझ्या आवाजाने असेल, तिने तो विझवला. पण म्हणाली, "संध्याकाळी पुन्हा लावणार हं. गारठतो आम्ही." मग मी तिला जे सांगितले, तेच येथे नीट मांडतो.

लालबागच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर आमची खोली होती. लग्न करून मी हिला त्या खोलीत आणले तेव्हा तिथे आमच्या गावचे पाच-सहा गडी पथारी टाकून होते. सगळे गिरणीतले, निरनिराळ्या पाळ्यांचे. पहिल्या पाळीचा उठून जाई, तेव्हा रात्रपाळीचा येऊन त्याच्याच गरम पथारीवर पडे. अशा खोलीच्या दाराला कडी कशाला लागते? आमचे दार चोवीस तास ढकलले जात होते. हिने संसार केला तो मोरीच्या आडोशाला आणि गॅलरीतल्या पाण्याच्या पिंपाजवळ. कुजबुजण्याची तिला इतकी सवय झाली होती की माहेरी गेली तरी ती हळू बोले आणि तिथल्या बायका तिला हसत.

मग संप झाला. भोंगे थांबले. एकेक गडी वळकटी बांधून गावी गेला. माझा भाऊही गेला. शेवटचा गडी गेला त्या संध्याकाळी हिने खोली झाडली, दार लोटले आणि कडी घातली. नंतर ती कडी काढून पुन्हा घातली.

"काय करतेस?" मी विचारले.

"काही नाही," ती म्हणाली. "आवाज ऐकते."

संपाच्या काळाविषयी माझ्या पिढीने पुष्कळ लिहिले-बोलले आहे आणि त्यातले बरेचसे मला मान्य आहे. मीही गिरणीच्या गेटावर उभा राहिलो आहे. परंतु एक गोष्ट कोणी सांगत नाही, सांगायला संकोचतात, म्हणून मी सांगतो. हातचे काम गेले त्याच वर्षात आम्हां नवराबायकोला आमची खोली मिळाली. त्या बंद दाराआड ही पहिल्यांदा मोठ्याने हसली. तो आवाज मला लग्नानंतर इतक्या वर्षांनी कळला. त्या वर्षाची आठवण काढून कोणी उसासा टाकला, की मीही टाकतो. पण माझा उसासा वेगळ्या कारणासाठी असतो, आणि त्याची मला लाज वाटत नाही.

तिला दिवस गेले तेही त्याच खोलीत. पहिले बाळंतपण माहेरी, ही रीत. तिच्या माहेरची माणसे न्यायला आली तेव्हा तिने सांगितले, "हे इथे गेटावर आणि मी तिकडे, हे मला जमायचं नाही." त्यामुळे माझी आई गावाहून आली. डोक्यावर उकड्या तांदळाचे बोचके, त्यात कुळीथ, ओवा, शेपा, डिंक आणि बाळंतिणीची मातीची शेगडी. चाळीत शेगड्या होत्या. आईचा त्यांच्यावर विश्वास नव्हता.

आमच्याकडे बाळंतिणीला न्हाऊ घातले, की सुंभाच्या बाजेवर निजवतात, बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवतात आणि त्यावर ओवा-शेपा टाकून अंग शेकतात. दारे-खिडक्या गच्च लावतात. आई म्हणे, "बाळंतणीच्या कानात वारो शिरलो तर जल्माचा दुखणा." तिने स्वतःची सगळी बाळंतपणे अशीच काढली होती आणि तिला कधी काही झाले नव्हते. का झाले नव्हते, ते आम्हांला फार उशिरा उमगले. गावच्या घराला मातीच्या भिंती, वर कौले. कौलाकौलांत फटी. माणसाने खिडकी लावली तरी छप्पर उघडेच असे. लालबागच्या खोलीला डोक्यावर दुसऱ्याची जमीन होती. वारा यायला एक दार, एक खिडकी आणि दारावरची जाळी. आईने खिडकी लावली, दाराला कडी घातली आणि जाळीत जुन्या लुगड्याचा बोळा कोंबला. गावातली रीत तिने एका धाग्याचाही फरक न करता शहरातल्या खोलीत आणली. चूक तीच झाली.

आणि संपाचा दोष मी नाकारत नाही. फक्त तो कुठे आहे ते नेमके सांगतो. आमच्याच चाळीत पूर्वी कितीतरी बायका अशाच शेकल्या गेल्या होत्या आणि सुखरूप उठल्या होत्या, कारण पाळीवाले सारखे दार ढकलून आत येत. आयाबाया त्यांना शिव्या देत, "मेल्यांनो, बाळंतीण आहे, दार लावा." त्या शिव्या खाणाऱ्या माणसांनी किती जणींना वाचवले असेल, कोणास ठाऊक. संपात ती माणसे गेली आणि दार बंद राहिले.

बारसे झाल्यानंतरचे दिवस. ही दोन-तीन दिवस म्हणत होती, "डोकं जड होतं शेक घेतला की. मळमळतं." आई म्हणे, "बाळंतपणाचो अशक्तपणा तो. माझाय डोक्या जड झालाहा, पण मी काय बाळंतीण?" मग ती बाळाची दुपटी वाळत घालायला गॅलरीत गेली, की तिचे डोके उतरे. दोघींची डोकी एकाच वेळी दुखत आणि बाहेर गेले की थांबत. सगळे आमच्या समोर होते. कोणाला काही सुचले नाही.

त्या सकाळी मी गेटावर होतो. शेगडी पहाटेपासून खोलीत धगधगत होती, कारण रॉकेल मिळत नव्हते आणि आंघोळीचे पाणीही तिच्यावरच तापत होते. न्हाणे झाले, धुरी झाली. शेजारच्या काकी बाळाला दुपट्यात गुंडाळून गॅलरीच्या टोकाला उन्हात घेऊन बसल्या. आत ही बाजेवर आणि आई भिंतीला टेकून बसलेली. दाराला कडी.

तेवढ्यात माझगावची कोळीण आली. संपाच्या सबंध काळात तिने आमचा मजला सोडला नाही. हिला दूध यावे म्हणून ती मोरी मासा राखून ठेवी आणि दारात टोपली उतरवून हिची चेष्टा करी. तिने काकींच्या मांडीवरचे बाळ पाहिले.

"पोर हितं, मग आयस कुठं हाय गो?"

"आत निजलीय. शेक चाललाय."

"आन् सासू?"

"तीही निजली असेल."

"दोघीपन? सासू निजंल, तर मासली बाजारातनं परत समुद्रात जाईल," असे म्हणून ती दारावर थापा मारू लागली. ही तिची चेष्टाच होती. आतून ओ आली नाही तेव्हा थापांचा आवाज बदलला, असे काकी सांगत. खूप वेळाने आईने कशीबशी कडी काढली आणि ती उंबऱ्यातच बसली. कोळीण तिला ओलांडून आत गेली. हिचे गाल लाल झालेले. हाक मारली तर पापणी हलेना. कोळणीने तिला काखेत हात घालून ओढत गॅलरीत आणले, परत आत जाऊन पदराच्या बोळ्याने शेगडी उचलली आणि बाहेर आणून आपटली. शेगडी फुटली.

मी धावत आलो तेव्हा गॅलरीत गर्दी होती. कोणी मीठमोहऱ्या ओवाळून त्याच निखाऱ्यांवर टाकत होते, त्यामुळे सगळेच खोकत होते. दृष्ट लागली, हा चाळीचा निर्णय एव्हाना झाला होता. तोही निर्णय मला मान्य नाही, हे सांगायला नकोच. हिला मोकळ्या वाऱ्यात निजवले होते. तिने एकदा ओकारी काढली आणि डोळे उघडले. मला पाहून काय म्हणाली? "दार उघडं आहे. लोक बघतायत."

आम्ही तिला खुर्चीत बसवून खाली नेले आणि तिथून परळच्या इस्पितळात. तिला प्राणवायू लावल्यावर डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो शेगडीचा आणि दुसरा खिडकीचा. म्हणाले, कोंडलेल्या जागी काहीही जळले, की एक वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. माणसाला वाटते झोप येते आहे. आणखी थोडा वेळ गेला असता तर दोघीही उठल्या नसत्या. मग त्यांनी सहज विचारले, "खाण्यापिण्याची आबाळ नाही ना? संप चालू आहे म्हणून विचारतो."

माझी आई स्वतः नीट उभी राहू शकत नव्हती. ती भिंत धरून उठली.

"डॉक्टर, माझ्या सुनेच्या पोटात सकाळी तूप घातलेली पेज गेलेली आसा. उपाशी ठेवलंय म्हणतास मी तिका?"

माझ्या भावाच्या गोष्टीवर माझा राग आहे तो या वाक्यामुळे. त्या घरात उपास होता. तो आईच्या पोटात होता. हिच्या ताटात डिंकाचा लाडू पडावा म्हणून ती पेजेचे वरचे पाणी पिऊन ढेकर दिल्याचे सोंग करी. मी ते पाहिले आहे. भावाने बाळंतिणीला उपाशी ठरवले तेव्हा त्याने आपल्याच आईच्या तोंडचा हा घास पुसून टाकला. टाळ्यांना त्याचे काय?

आईने आपली चूक कोणावर ढकलली नाही. घरी आल्यावर पहिल्यांदा तिने जाळीतला बोळा काढला. शेक मात्र सोडला नाही. "शेक वाईट नाय, कोंडणा वाईट," ती म्हणे. त्यानंतर चाळीत कोणीही बाळंत झाली, की आई न बोलावता जाऊन बसे. शेगडी गॅलरीत पेटवायची. आत आणली तर खिडकी उघडी हवी. जवळ कोणीतरी जागे हवे. आणि डोळा लागण्याआधी शेगडी बाहेर. कोणी म्हटले, निखारे पांढरे झाले आता काय भीती, तर ती म्हणे, "पांढरो निखारो म्हणजे गोड बोलणारो माणूस. त्येचो भरवसो धरू नये."

खिडकी किती उघडी, यावर बायका भांडत. तेव्हा आई हिला पुढे करी. "हिका लागला होता, ही सांगतली." ही चौकटीवर पंजा ताणून ठेवी, अंगठ्यापासून करंगळीपर्यंत, आणि दोन झडपांमध्ये गिरणीतली सूत गुंडाळायची रिकामी लाकडी बॉबिन अडकवी, म्हणजे वाऱ्याने झडप मिटायला नको. पुढे आई गेली, गिरण्या गेल्या, तरी नव्या सुना येऊन हिला म्हणत, "मामी, जरा वीत लावून द्या ना." ही पदराला हात पुसत जाई. मी चेष्टेने तिला विचारी, फी किती घेतेस? ती म्हणे, "तुमच्या युनियनपेक्षा माझं ऐकतात लोक."

एवढे सांगून मी थांबलो.

"मग मी कशी वाचले?" तिने विचारले.

"तू काकींच्या मांडीवर उन्हात होतीस."

"काकांनी हे कधीच नाही सांगितलं."

"काका तिथे नव्हता."

"तुम्ही तरी कुठं आत होतात, बाबा?" ती माझीच मुलगी आहे.

"नव्हतो. आत दोघीच होत्या. दोघींनी सांगितलं ते मी सांगतोय. त्यांच्यावर तरी विश्वास आहे ना?"

फोन कशावर तरी ठेवल्याचा आवाज आला, कापड ओढल्याचा, आणि लाकूड करकरले. तिकडचा वारा फोनमध्ये शिरला.

"किती उघडू?" ती लांबून ओरडली.

"वीतभर."

"माझी वीत लहान आहे हो."

"तुझ्या आईचीही लहानच होती. तेवढी चालायची."

ती परत आली तेव्हा धापा टाकत होती. म्हणाली, आता हीटर लागेल तो खिडकी अशीच ठेवून, आम्ही जागे असेपर्यंतच, अंथरुणांपासून लांब, सिलिंडर बदलायचा तो बाहेर ओट्यावर, आणि रात्री रजया. पोराला आजच डॉक्टरला दाखवते. हे सगळे तिने आपणहून सांगितले. मी फक्त हूं म्हटले.

भावालाही मी फोन केला. तो म्हणाला, "दादा, उपासाची गोष्ट लोकांना पोचते. खिडकीची कोण ऐकणार?" मी म्हणालो, "तुझ्या पुतणीनं ऐकली." तो पुढच्या सभेत काय सांगतो ते पाहायला मी पहिल्या रांगेत बसणार आहे आणि या वेळी उठून जाणार नाही.

आमची चाळ पाडून तिथे मनोरा उभा राहिला. त्यात मला मिळालेल्या घराला सरकत्या काचांच्या खिडक्या आहेत. घरात ना शेगडी, ना थंडी, तरी ही इथे राहिली तोवर रात्री एक काच थोडी सरकवून ठेवत असे. दाराला मात्र आतून कडी घाले आणि कान देऊन ऐके. तिला जाऊन काही हिवाळे झाले. उंचावरचा वारा त्या फटीतून शीळ घालतो. शेजारी तक्रार करतात. मी काच लावत नाही. मुलीशी बोललो त्या रात्रीही काच सरकवताना मी पंजा ताणून चौकटीवर ठेवला. माझी वीत तिच्यापेक्षा मोठी आहे. करंगळी दुमडून अनामिकेपर्यंत मोजले की तिची होते.